बिनदाराच्या घरातली हवा

साचा काढायला लाकडी हातोडी आणि पातळ छिन्नी लागते, आणि हात हलका असावा लागतो. वेंदुलाने सकाळी तसंच सुरू केलं होतं. प्लास्टर आणि वाळूचं कवच तुकड्यातुकड्याने सोलत ती दुपारपर्यंत काचेपाशी पोचली, वरून ओला फडका फिरवला आणि तिला चीर दिसली. जिन्याच्या पायथ्याशी सुरू होऊन बैठकीच्या पार टोकापर्यंत गेलेली. मागच्या वेळी होती तिथेच. तिने हातोडी नीट बाजूला ठेवली, कोपऱ्यातला घण उचलला आणि महिनाभर भट्टीत निवत ठेवलेल्या त्या काचेवर घातला. मग पुन्हा घातला. सव्वा मीटर लांबीची काच एका घावाने फुटत नाही. तिचे टवके उडतात, आणि उडताना ते समोर कुणाचं तोंड आहे हे बघत नाहीत. हनुवटीवरचं रक्त ओघळून गळ्यापर्यंत आलं तरी वेंदुलाचे हात थांबले नव्हते.

बोहदाना दारात उभी राहून सिगारेट ओढत होती. चेक डोंगराळ मुलखातल्या यिझेरा नदीच्या काठची ती पत्र्याची शेड तिची, आतल्या भट्ट्याही तिच्या. बाई साठी उलटलेली, दोन नवरे पोचवलेली. खोऱ्यातल्या निम्म्या शिल्पकारांच्या काचा तिच्या भट्ट्यांतून निघाल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांना तिने शिव्या घालून हाकललं होतं.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

"दुसऱ्यांदा," वेंदुला धापा टाकत म्हणाली. "त्याच जागी."

"पहिल्यांदा रडत बसली होतीस. आज घण घातलास. सुधारते आहेस." बोहदानाने थोटूक बुटाखाली चिरडलं. "आता झाडू घे. आणि त्याच्या आधी तोंड धू. खाटकाच्या दुकानातून आल्यासारखी दिसतेस."

त्या काचेत काय होतं ते सांगायला हवं. वेंदुला मूळची आर्किटेक्ट. लिबेरेत्समध्ये तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, ओताकार पेश्लचं, ऑफिस होतं. दोघांचं हे आपलं म्हणायला, बाहेरच्या पाटीवर नाव एकच होतं. शहराच्या वरच्या अंगाला, येश्तेद डोंगराच्या उतारावर त्यांनी स्वतःसाठी घर बांधलं. पांढरं, लांबट आणि आत एकही दार नसलेलं. दार म्हणजे भित्र्यांची सोय, असं ओताकारचं म्हणणं. बैठकीच्या एका टोकाला सरळ स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला चार पायऱ्या चढून झोपायची जागा, आणि न्हाणीघर नुसतं एका वळणाऱ्या भिंतीच्या आड. मासिकांत फोटो छापून आले. या घरात अवकाश वाहतो, असं कुणीतरी लिहिलं. वाहत होता खरा. वेंदुला जिथे जिथे पळत जाई तिथे तिथे ओताकारही तिच्यामागून वाहत येई, वाटेत अडवायला फळकुटसुद्धा नव्हतं.

पहिल्यांदा त्याचा हात उठला तो एका नकाशावरून. तिने त्याला न विचारता पायरीची उंची कमी केली होती. पुढे पुढे कारणही लागेनासं झालं. बारा वर्षांच्या संसारात तिचं मनगट मोडलं, बरगड्या मोडल्या, आणि डाव्या कानाने ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. चारचौघांत मात्र तो तिचा कोट धरायचा, खुर्ची पुढे ओढायचा. लोक तिला नशीबवान म्हणायचे आणि ती मूग गिळून बसायची. ज्या घरात कडी लावून बसायला संडाससुद्धा नाही त्या घराचे नकाशे आपण स्वतःच्या हाताने काढले, या गोष्टीचा तिला कधी कधी नवऱ्याहूनही जास्त संताप यायचा.

मग एका सकाळी ती निघून आली. काचकामाच्या शाळेत विशीतल्या पोरापोरींच्या बाकावर बसून ओतकाम शिकली. बाकीचे कुणी फुलं करत, कुणी मासे, कुणी नुसते गुळगुळीत गोटे करून त्यांना मोठमोठी नावं देत. वेंदुलाला काहीही करायला घेतलं की आधी नकाशा लागायचा, छेद लागायचा, भार कुठून कुठे उतरतो ते पाहावं लागायचं. पोरं हसायची. एकदा तिला सुचलं की भिंती करायच्याच नाहीत. घरातली हवा ओतायची. जिथे जिथे मोकळी जागा होती तिथे भरीव काच आणि जिथे भिंत होती तिथे काही नाही. आणि त्या घराला दारं नव्हती म्हणून सगळ्या घराची हवा सलग, एकाच ओतात निघणारी. दारं असती तर खोलीगणिक तुकडे पडले असते. हे लक्षात आलं तेव्हा ती एकटीच इतकी हसत सुटली की बोहदानाने तिला धरून बसवलं आणि स्लिवोवित्स, आलुबुखारांची कडक दारू, पाजली.

त्या हवेत माणसं होती. आर्किटेक्ट लोक मॉडेलमध्ये प्रमाण कळावं म्हणून छोटी छोटी माणसं ठेवतात. ओताकारच्या मॉडेलमधली माणसं कायम चालत असत, पुरुषांच्या हातात बॅगा, बायांच्या पुढे बाबागाड्या. वेंदुलाने वितीएवढ्या बाया केल्या, मापाला बरोबर. एक जिन्याच्या पायथ्याशी पडलेली. एक ओट्यावर मागे वाकवलेली. एक न्हाणीघराच्या वळणात गुडघे छातीशी घेऊन बसलेली. एक पलंगाशेजारी जमिनीवर, कोपर डोक्यावर धरलेली. पुरुष त्या घरात कुठेच नव्हता. आणि या बायाही काचेच्या नव्हेत, काचेत त्यांची नुसती पोकळी. प्लास्टरची बाई साच्यात उभी करायची, तिच्याभोवती काच वितळून वाहू द्यायची, आणि मागाहून प्लास्टर खरवडून काढायचं. मागून बघाल तर खड्डा. समोरून बघाल, आणि पाठीमागे उजेड असेल, तर तोच खड्डा भरीव होऊन काचेच्या पोटात बाई दिसते. या खोऱ्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलेत, त्यांना त्याचं काही वाटत नाही. वेंदुलाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला दोन दिवस अन्न गेलं नव्हतं.

झाडताना तिच्या हाताला जिन्याच्या पायथ्याचा तुकडा लागला. प्लास्टरची बाई आत अजून घट्ट बसली होती, कुठेही टवका न उडालेली. मानेपाशी काच फुटून तार बाहेर आली होती. वेंदुलाने तार बोटात धरून ओढली, ती हलली नाही.

"मीच घातली आहे ही," ती म्हणाली.

बोहदाना वाकून बघायला लागली. "तार? गाभ्यात तार घातलीस?"

"काच निवताना आकसते, आतला प्लास्टरचा गाभा तेवढा आकसत नाही, तो पक्का असला तर काच चिरते, म्हणून गाभा कच्चाच ठेवायचा. सगळं पाठ आहे मला, शाळेत परीक्षा दिलीय. हाताने ऐकलं नाही. वीस वर्षं घरं बांधताना ज्याच्या त्याच्या पोटात सळ्या घातल्यात. कमकुवत दिसलं की हात आपोआप सळईकडे जातो."

"मग आता काढ. वाळू वाढव, भुसा घाल, आतून पोकळ कर. काच आवळायला लागली की तिचा चुरा झाला पाहिजे."

वेंदुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. "नाही होणार चुरा."

"म्हणजे?"

"म्हणजे या बाया मी कच्च्या करणार नाही. बारा वर्षं तेच केलंय, बोहदानाबाई. तो आवळायचा आणि माझा चुरा व्हायचा. आता काचेतसुद्धा तेच करू?"

"पोरी, प्लास्टर आहे ते. तुला पुतळ्या सांभाळायच्यात का काच?"

"दोन्ही."

"दोन्ही मलाही सांभाळायचे होते, दोन्ही नवरे मेले." बोहदाना उठली. "काच पाहिजे तर बाई मऊ कर. नको असेल तर भट्टी मोकळी कर. माझ्याकडे लोक रांग लावून बसलेत, आणि त्यांची लग्नं माझ्या डोक्यावर नाहीत."

वेंदुलाने भुशाची बादली लाथेने उडवली. शेडभर भुसा झाला. दुसऱ्या दिवशी तिने तोच भुसा गोळा केला, चाळला आणि प्लास्टरमध्ये कालवला. दातओठ खाऊन काम करणं म्हणजे काय ते त्या आठवड्यात तिच्याकडे बघून कळलं असतं. बाया पुन्हा झाल्या. हातात धरल्या की कड झडत होती, इतक्या कच्च्या. तिसरा साचा बांधला, वर धुरकट निळ्या काचेची ढेकळं रचली, झाकण उतरलं आणि भट्टी पेटली. या वेळी चुकणं परवडणारं नव्हतं. वसंतात लिबेरेत्सच्या प्रदर्शनात तिला जागा मिळाली होती, आणि चौथ्या ओताएवढा वेळ उरला नव्हता. ओताकार राहत होता, ओताकारला टाळ्या मिळत होत्या, त्याच शहरात हे घर मांडायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी ती दोन वर्षं जगत होती.

नेमकं तिथेच घोळ झाला. प्रदर्शनाचं काम पाहणारी यित्का ही उत्साही बाई. माहितीपत्रकात छापायला तिला घराचा मूळ नकाशा हवा होता, म्हणून तिने वेंदुलाला न विचारता थेट ओताकारच्या ऑफिसला फोन लावला.

फेब्रुवारीत, भट्टी अजून चारशे अंशांच्या वर असताना, तो आला. दुपारची वेळ, बाहेर बर्फ, आणि बोहदाना अॅल्युमिनियमची बरणी घेऊन गुत्त्यातून वजडीचं सूप आणायला गेलेली. ओताकारच्या हातात लिबेरेत्सच्या दुकानातला केकचा खोका होता. त्याने बूट झटकले, खोका टेबलावर ठेवला, शेडवरून नजर फिरवली आणि हसला.

"काय जागा आहे. बारीक झालीस तू, वेंदुल्का."

वेंदुलाने हळूच उजवा कान त्याच्याकडे केला.

"माझ्या घराचे नकाशे मागतात मला फोन करून. म्हटलं चला, शेवटी आठवण झाली. मग कळलं, शिल्पकार कोण." तो स्टुलावर बसला. "वाईट नाही वाटलं हं मला. उलट बरं वाटलं. इतकं सगळं बोलून गेलीस, पण शेवटी करायला घेतलंस ते माझंच घर. फक्त पाटी नीट लाव. रचना, ओताकार पेश्ल. त्याच्या खाली तू. हरकत काय आहे?"

"नाही."

"काय नाही?"

"नाव नाही लागणार. जा तू."

"बरं, दाखव तरी."

"निवतेय. महिनाभर उघडता येत नाही."

"मला?" त्याचा आवाज हळू झाला. इतर माणसं चिडली की ओरडतात, ओताकार मारायच्या आधी हळू बोलायचा. "माझ्या घराला तू झाकण लावणार आणि मला बाहेर उभं करणार?"

या खोऱ्यात लोक एकमेकांच्या बायका पळवतात, बांधावरून डोकी फोडतात, पण दुसऱ्याच्या निवत्या भट्टीच्या झाकणाला हात लावत नाहीत. तसं केलेल्या माणसाला कुणी बिअर ओतत नाही. ओताकार खोऱ्यातला नव्हता. तो उठला, कप्पीची साखळी धरली आणि ओढली. झाकण कण्हत वर आलं. भट्टीतून गरम झोत निघाला, आणि उघड्या दारातून आलेली थंडी त्याच फटीतून आत शिरली.

डाव्या हाताला बोहदानाचं केबिन होतं. लोखंडी दार, आतून अडसर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच वेंदुलाला पळून शिरायला दार होतं. ती तिकडे गेली नाही. तिने टेबलावरची लाकडी हातोडी घेतली आणि साखळी धरलेल्या त्याच्या बोटांवर सगळा जीव एकवटून मारली. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. ओताकार किंचाळला, साखळी सुटली, पण झाकण वरच अडकून राहिलं.

मग त्याने डाव्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा घातला. तिचा एक दात हलला, तोंड रक्ताने भरलं, ती पडली. त्याने बरगडीत लाथ घातली, ओळखीच्याच जागी. ती रांगत साखळीपर्यंत गेली आणि साखळीला लोंबकळली. झाकण उतरवायला दोन्ही हात लागत होते, म्हणजे स्वतःला वाचवायला एकही उरत नव्हता. तो मागून मारत होता, पाठीत, मानेवर, चांगल्या कानावर. ती साखळी ओढत होती. झाकण बोटाबोटाने खाली येत होतं. त्याने तिचे केस धरून मागे खेचलं तेव्हा मुठीत केस आले, ती आली नाही. झाकण बसलं.

त्यानंतर वेंदुला वळली. आत्तापर्यंत तिने मार खाल्ला होता, चुकवला होता, दिला कधीच नव्हता. तिने त्याच्या मोडक्या बोटांचा चावा घेतला आणि सोडला नाही. दोघंही प्लास्टरच्या चुऱ्यात लोळत असताना बोहदाना दारात आली. तिने काय चाललंय असं विचारलं नाही. सुपाने भरलेली बरणी तिने तशीच्या तशी फिरवली आणि ओताकारच्या कानशिलावर आदळली. वजडी, कांदा आणि कढत पाणी त्याच्या कॉलरमधून खाली गेलं.

"माझ्या शेडमध्ये?" बोहदाना म्हणाली. "माझ्या शेडमध्ये, माझ्या जेवणाच्या वेळेला?"

ओताकार आडवा झाला होता. वेंदुला त्याच्या छातीवर बसली आणि हातोडी उचलली. त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर एक बसली, दुसरी खांद्यावर. तिसरी कुठे बसणार ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि तिला ते हवंहवंसं वाटत होतं. इतकं हवंहवंसं गेल्या कित्येक वर्षांत तिला काही वाटलं नव्हतं. बोहदानाने मागून तिचं मनगट धरलं.

"बास. मेला तर तू तुरुंगात, आणि काच बघायला कोण जाणार? मी? मी नाही जात लिबेरेत्सला, तिथे पार्किंग मिळत नाही."

वेंदुलाने हातोडी टाकली. ती उठून पहिली भट्टीच्या तापमानाच्या काट्यापाशी गेली. काटा बराच खाली आला होता. दोघी काट्याकडे बघत राहिल्या, आणि ओताकार कधी सरपटत गाडीत जाऊन बसला ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"काच गेली असेल का हो?" वेंदुलाने विचारलं.

"गेली असेल नाही तर राहिली असेल," बोहदाना म्हणाली. "उघडून बघता येतं का? तोंड धू."

तो फेब्रुवारी आणि अर्धा मार्च वेंदुलाने कसा काढला ते विचारू नये. आत काच अखंड आहे की तिचे तुकडे पडलेत हे कळायचा मार्ग एकच, झाकण उचलणं, आणि झाकण उचललं की अखंड असलेली काचही गेली. ती भट्टीशेजारी खुर्ची टाकून बसायची. सुजलेल्या ओठाने बिअरमध्ये बुडवून पाव खायची. पोलीस आला, जबाब लिहून गेला. ओताकारने दवाखान्यात जिन्यावरून पडलो असं सांगितलं होतं. लोकांना कळणं त्याला परवडणारं नव्हतं.

पण फोन मात्र त्याने केला. त्याला हवं ते तो मार खाऊनही विसरला नव्हता. मी झालं गेलं विसरतो, म्हातारीवरही काही करत नाही, पण नाव पाहिजे, असं म्हणाला. बोहदाना शेजारी उभी राहून हातानेच फोन आपट म्हणून सांगत होती.

"लावते तुझं नाव," वेंदुला म्हणाली. "मोठ्या अक्षरात लावते. उद्घाटनाला ये आणि तूच बोल चार शब्द."

फोन ठेवताच बोहदाना तिच्यावर फिस्कारली. "गाढव आहेस का ग? बरगड्या मोडून घेऊन वर नाव द्यायचं त्याचं?"

"घर त्याचंच आहे की. आणि त्यात नुसत्या बायाच आहेत, पुरुष कुठेच नाही. बघणाऱ्याला कळायला नको का, मारलं कोणी? माझ्याने त्याची पुतळी होईना. नाव चालेल."

बोहदानाने स्लिवोवित्सची बाटली काढली, आणि त्या दिवशी दोघींनी दुसरं काही काम केलं नाही.

भट्टी उघडली तेव्हा काच उभी होती. वेंदुलाने साचा सोलला तो इतक्या हळू की बोहदानाला दोनदा बाहेर जाऊन सिगारेट ओढावी लागली. बायांचा आत पार चुरा झाला होता. चमच्याने खरवडला की पिठासारखा गळत होता, आणि खाली राहिलेल्या पोकळीत बोटांच्या पेरांपर्यंत सगळं स्वच्छ उतरलं होतं. वेंदुला एकेका पोकळीत बोट घालून बघत होती आणि रडत होती, आणि आपण रडतोय याचं तिला काही वाटत नव्हतं. चीर सापडली ती एका टोकाला. ज्या बाजूने झाकण वर आलं होतं तिथे, स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाईला आरपार चिरून गेलेली.

"कापावं लागेल," बोहदाना म्हणाली. "नाही तर चालत पुढे जाईल."

"स्वयंपाकघर पूर्ण जाईल."

"जाऊ दे की. एका खोलीतला मार तरी वाचला."

हिऱ्याच्या पात्याने स्वयंपाकघर कापून काढलं. पाणी, चिखल आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांत एक दिवस गेला. मग घासणं, मग पॉलिश. कापलेली बाजू वेंदुलाने तशीच खरखरीत ठेवली.

उद्घाटनाला लिबेरेत्समधले सगळे आर्किटेक्ट, त्यांच्या बायका, शाळेतली पोरं, वर्तमानपत्राची दोन माणसं असे साठ-सत्तर लोक होते. बोहदाना पहिल्या लग्नातला कोट घालून आली होती आणि पार्किंगवरून कुणाशी तरी भांडून आली होती. काच दालनाच्या मधोमध होती, मागचा दिवा बंद. नुसता एक करडा लांबट ठोकळा दिसत होता. शेजारी पाटी होती, आणि पाटीवर ओताकारचं नाव पार लांबून वाचता येईल एवढं मोठं. त्याने ते वाचलं. दोनदा वाचलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नव्हती, पण सूट नवा होता आणि चेहरा टवटवीत होता. काचेकडे पाठ करून तो बोलायला उभा राहिला.

तो छान बोलायचा. अवकाश, प्रवाह, भिंतीचा जुलूम, दाराची भीती. माझ्या पत्नीने, तो म्हणाला, माजी म्हटलं नाही, माझ्या पत्नीने माझ्या कल्पनेला काचेत जपलं याचा मला अभिमान आहे. लोकांनी माना डोलावल्या. यित्काने ठरल्याप्रमाणे बटण दाबलं आणि काचेमागचा दिवा लागला.

ओताकारची पाठ काचेकडे होती, म्हणून त्याला आधी दिसले ते लोकांचे चेहरे. ते बदलले. त्याला वाटलं लोक भारावले, म्हणून तो आणखी थोडं बोलला. पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला मध्येच थांबवलं.

"त्या बाईला काय झालंय हो?"

"कुठल्या बाईला?"

"ती जिन्यापाशी पडलीय ती. आणि ती दुसरी, तिकडे आत बसलेली. आणि ती खाटेपाशी."

ओताकार वळला. त्याचं घर आतून पेटल्यासारखं निळं झालं होतं, कापलेलं स्वयंपाकघर सोडलं तर सेंटीमीटरचाही फरक नसलेलं, आणि त्याच्या बैठकीत, त्याच्या पायऱ्यांशी, त्याच्या वळणाऱ्या भिंतीच्या आड ती होती. त्याने प्रत्येक जागा ओळखली. तो ओळखतोय हे लोकांना दिसलं.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

"पाटी वाच की," वेंदुला म्हणाली. ती त्याच्यापासून चार पावलांवर उभी होती. "तूच मागून घेतलंस. जिन्यापाशी काय झालं होतं ते सांग ना त्यांना, घर तुझं आहे."

"दिवा बंद कर." आवाज अगदी हळू होता. मागच्या लोकांना ऐकूही गेला नसेल. वेंदुलाला एका कानाने पुरेसा ऐकू आला.

तो काचेवर धावला आणि दोन्ही हातांनी ढकलायला लागला. अर्धा टन काच, ती काय हलते? त्याचे नवे बूट फरशीवर घसरले, कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्याने तो तिच्याकडे वळला. बारा वर्षांत त्याने चारचौघांत कधी हात उचलला नव्हता. आता तो उठला, मोडक्या बोटांचाच, तिच्या डोक्यावर.

वेंदुलाने ठरवून काहीच केलं नाही. तिचं कोपर आपलं आपण वर गेलं, मान खाली गेली, गुडघे किंचित वाकले. शेडमध्ये तिने त्याला हातोडीने बडवलं होतं, त्याच्या छातीवर बसली होती, तरी अंगाला अजून हेच येत होतं. तिला स्वतःच्या कोपराचा भयंकर संताप आला. मग दालन एकदम चिडीचूप झाल्याचं तिच्या लक्षात आलं. लोक तिच्याकडे बघत होते, तिच्यावरून पलंगाशेजारच्या काचेतल्या बाईकडे, तिथून पुन्हा तिच्याकडे. तेच कोपर, तीच मान. मग सगळ्यांच्या नजरा वर थांबलेल्या हातावर गेल्या आणि तिथून पाटीवरच्या नावावर.

वेंदुलाने कोपर खाली घेतलं नाही. सगळ्यांचं नीट बघून होईपर्यंत तिने ते तसंच धरून ठेवलं.